मागून येणारा हुंकार

नदीकाठच्या पायवाटेवर निरीक्षकसाहेब नेहमीसारखे पुढे आणि बाई नेहमीसारख्या मागे चालत होत्या. साहेबांची हयात दुकानदारांचे तराजू तपासण्यात गेली. न तपासता विश्वास ठेवला तो एकाच गोष्टीवर: आपण बोलायचं आणि मागून बायकोचं "हं" यायचं. मान वळवून खात्री करायची वेळ कधी आली नव्हती. हृदयाच्या दुखण्यानंतर डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज चाला, पण एकटे नको.

पुलाशी बाई काहीतरी म्हणाल्या. साहेब तेव्हा बंधाऱ्याच्या बांधकामातल्या चुका सांगत होते, त्यामुळे "बरं, बरं" म्हणून त्यांनी विषय मिटवला.

पुढे शेतं लागली. वारा पडला. साहेब जावयाबद्दल बोलले. हं. नगरपालिकेबद्दल बोलले. हं. एरवी बाईंचा हुंकार, अर्धं लक्ष दुसरीकडे असल्यासारखा, उशिराच यायचा. आज तो वाक्य संपायच्या आत येत होता. इतक्या वर्षांनी बायको मन लावून ऐकतेय म्हटल्यावर कुठलाही नवरा फुलणारच. फक्त चपलांचा आवाज येत नव्हता, आणि मानेला विहिरीत डोकावल्यासारखा गारवा लागत होता.

समोरून जाळं खांद्यावर टाकलेला एक कोळी आला. वाट द्यायला तो गवतात सरकला. साहेब पुढे गेले तरी तो तसाच उभा राहिला, अजून कुणीतरी जायचं बाकी असल्यासारखा, मान खाली घालून.

साहेबांच्या छातीत धडधडू लागलं. घाबरला की माणूस मऊ होतो. संसारात कधी विचारलं नव्हतं ते त्यांनी विचारलं.

"शेवटपर्यंत राहशील ना गं माझ्याबरोबर?"

"हं."

अगदी कानाशी.

वळणावर गाव आलं. बसथांब्याच्या बाकावर बाई बसल्या होत्या. चपला काढून, पाय चोळत.

"किती वेळ लावलात," त्या म्हणाल्या. "पाय दुखतोय, बसने पुढे होते, असं पुलाशी सांगितलं ना? बरं म्हणालात की."

साहेबांनी मागे पाहिलं नाही.

परतीच्या बसमध्ये बाई खिडकीशी बसल्या, साहेब शेजारी. मागचं बाक रिकामं होतं. साहेबांनी ओठ घट्ट मिटून घेतले होते. बोललंच नाही तर उत्तरही येणार नाही, एवढा साधा हिशेब.

बाईंना ती शांतता सोसेना.

"अहो, असे गप्प का? आता बरं वाटतंय ना?"

साहेबांनी तोंड उघडलं नाही.

"हं," उत्तर आलं.

बाई निश्चिंत होऊन खिडकीबाहेर नदी बघत बसल्या.