आठवं फूल

"आधी फूल, मग पान. पान थांबतं, फूल थांबत नाही. आणि समोर नसेल ते कागदावर नको."

ताईचं हे बोलणं धाकटीला तोंडपाठ होतं. तीस वर्षं दोघी बहिणींनी एकाच टेबलावर वनस्पती संग्रहालयासाठी चित्रं केली. फुलं ताईची, पानं धाकटीची. ताई कुंचला ओठांत धरून त्याला टोक आणायची. "रंग पोटात जातो गं," म्हटलं की हसायची, "जाऊ दे, आतून तरी रंगीत होईन."

शेवटच्या चित्रात सात फुलं रंगवून झाली. आठवं पेन्सिलीतच राहिलं. "ते तू भर. पण बघून," एवढं कबूल करून घेतलं आणि ताई गेली. मागोमाग ज्याचं चित्र चाललं होतं ते कुंडीतलं झाडही वाळलं.

महिन्याने संग्रहालयाचे साहेब चित्र न्यायला आले. "अंदाजाने भरा हो, बाई. पाकळ्या कोण मोजतंय?"

"ताई मोजते," धाकटी बोलून गेली आणि स्वतःच दचकली. साहेब खाली बघत म्हणाले, "बरं, पंधरा दिवसांनी येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी देवाला हात जोडून ती खोलीत आली, तर टेबलावरच्या काचेच्या पेल्यात फूल. जांभळं, ताजं, देठ तिरका कापलेला, ताई कापायची तसा. घराच्या दाराला आतून कडी. कुंडीत नुसत्या काड्या. तिने कर्कटक लावून मापलं. पेन्सिलीच्या रेषेशी केसाचाही फरक नव्हता.

पण तिने रंग काढले नाहीत. चित्र पुरं झालं, की उद्या पेल्यात काय असणार?

संध्याकाळी फूल गळलं. सकाळी नवं होतं. मग रोजच. धाकटी त्याच्यासमोर बसायची. शेजारीण काय म्हणाली, गुडघा किती दुखला, सगळं सांगायची.

फूल मात्र दिवसेंदिवस फिकं येऊ लागलं.

चौदाव्या सकाळी पाकळ्यांतून पलीकडची खिडकी दिसत होती. देठ वेडावाकडा कापलेला, हात थरथरल्यासारखा.

"दमलीस होय गं?" ती हळूच म्हणाली. "मीच ताटकळत ठेवलं तुला."

तिने समोर होता तेवढाच फिका जांभळा कालवला.

दीड महिना पडून असलेला ताईचा कुंचला उचलला.

टोक ओलं होतं. सुईसारखं जुळलेलं, आणि अजून कोमट.

तिने ते तसंच कागदाला टेकवलं.