आईच्या श्वासाचं दार

टाकीत हवा ठासून भरलेली, तरी समुद्राखाली आईला दम का लागला?

कालपासून जुईलीला हा प्रश्न छळत होता. प्रयोगशाळेत वाढवलेली, गरम पाण्यातही तगणारी प्रवाळं तिची आई मालवणच्या समुद्रतळाशी लावायची. काल मात्र तिच्या मनगटावरच्या श्वासमापकाचा लाल दिवा लागला आणि ती काम टाकून वर आली. आज दुपारी पुन्हा जायचं होतं.

"आई, नको ना जाऊस," जुईली रडवेली झाली.

"आधी दुखणं तर शोधू या," आजोबा म्हणाले. ते समुद्रशास्त्रज्ञ. पाणबुड्यांची उपकरणं दुरुस्त करण्यात त्यांचा हातखंडा होता, पण आता बोटं थरथरायची. स्वयंपाकघरातल्या टेबलावर पंचा अंथरून त्यांनी टाकीतली हवा तोंडापर्यंत पोचवणाऱ्या रेग्युलेटरचा दुसरा टप्पा (तोंडात धरायचा भाग) उघडला. आत रबराचा पातळ पडदा होता.

"आईने श्वास घेतला की या डबीतला दाब कमी होतो. मग बाहेरचं पाणी पडद्याला आत ढकलतं. पडदा ही तरफ (छोटा दांडा) दाबतो आणि झडप (हवेचं दार) उघडते. श्वास थांबला की स्प्रिंग दार लावून टाकते."

"म्हणजे आई मागेल तेव्हाच हवा!"

"अगदी बरोबर. पण हे बघ."

झडपेच्या रबरी गादीवर खोल वळ उमटला होता.

"मध्यंतरी हवा गळत होती, म्हणून झडपेचा स्क्रू आवळून घेतला होता," आई म्हणाली.

"गादी झिजली म्हणून गळती, आणि आवळल्यामुळे दार जड," आजोबा म्हणाले. " दार जड झालं की श्वास जोर लावून ओढावा लागतो."

त्यांनी सगळे भाग धुऊन, पुसून नवी गादी बसवली, नव्या रबरी कड्या घातल्या आणि टाकी जोडली. मग स्क्रू फिरवायची किल्ली जुईलीच्या हातात दिली. आईला सोपं जावं म्हणून तिने स्क्रू भरपूर सैल केला. सूंऽऽ! हवा आपोआप वाहू लागली.

"अगं, न मागता हवा गेली तर खाली आईला पुरेल का?" आजोबा हसले. "आता थोडा थोडा आवळ. दर वेळी पुढचं बटण दाबून धर, म्हणजे दार उघडं राहील आणि नवी गादी कापली जाणार नाही."

जुईली श्वास रोखून किल्ली फिरवत राहिली. आवाज बारीक झाला, मग थांबला.

"आणखी केसभर... बस!"

आजोबांनी दाब तपासला. मग आईने रेग्युलेटर तोंडात धरून डोळे मिटले आणि सावकाश श्वास घेतला. तिने जुईलीला जवळ ओढलं, तेव्हा तिची छाती संथपणे वरखाली होत होती.

दुपारी सौरनौकेतून आई पाण्यात उतरली. जुईली आणि आजोबा नौकेतून बघत होते; बुडबुड्यांचे झुबके थांबत थांबत, एकसारखे वर येत राहिले.

"मी मोठी झाले की माझा रेग्युलेटरही तुम्हीच लावून द्याल ना, आजोबा?"

"छे! तुझा तूच लावशील. तोवर खाली प्रवाळांचं रान झालेलं असेल. तू त्यात हिंडून ये, मी इथे बसून तुझे बुडबुडे बघेन."