चढावरचं वजन

गाडीची नाडी ओळखावी ती मिस्त्रीनेच, असं त्याची गिऱ्हाइकं म्हणत. त्यामुळे दाजींनी, म्हणजे त्याच्या बहिणीच्या नवऱ्याने, आपली जुनी मोटरसायकल गॅरेजमध्ये आणून लावली तेव्हा त्याला वाटलं, हे काय, हातासरशी होऊन जाईल.

"सपाटीला वाऱ्यासारखी पळते," दाजी म्हणाले. "चढ लागला की हिचा जीवच जातो. काल पुलाच्या चढावर अशीच मेली. मागून ट्रक येत होता. थोडक्यात वाचलो."

"मी नाही बाबा परत बसणार तिच्यावर," सोबत आलेली ताई म्हणाली. "तू नीट केलीस तरी नाही."

मिस्त्रीने प्लग बदलला, कार्बोरेटर उघडून साफ केला, क्लचप्लेटा पाहिल्या, सायलेन्सरमधली काजळी झाडली. मागचं चाक बोटाने फिरवून पाहिलं. ब्रेक कुठे घासत नव्हता. जागच्या जागी रेस दिली की इंजिन डरकाळी फोडायचं. पण गॅरेजमागच्या चढावर नेली की आवाज घोगरा व्हायचा आणि मूठ पूर्ण पिळली तरी गाडी गोगलगाय.

दुपारी ती अंगणात उन्हात उभी होती. मिस्त्रीने टाकीला हात लावला, चटका बसला. सीटचा पुढचा भागही तापला होता. मागचा मात्र गार होता. सावलीत असल्यासारखा. सावली तर कुठेच नव्हती.

डोकं चालेना, तेव्हा तो गाडी घेऊन शेजारच्या भंगारवाल्याकडे गेला. त्याच्याकडे जमिनीत बसवलेला मोठा वजनकाटा होता. नुसती गाडी चढवली. वजन बरोबर. मग मिस्त्री वर बसला.

भंगारवाल्याने काट्याची काच पुसली, पुन्हा वाकून पाहिलं. "मिस्त्री, खिशात लोखंड भरलंय का?"

"का हो?"

"आणखी एक धडधाकट माणूस बसल्यासारखं दाखवतोय."

मिस्त्री उतरला. भंगारवाला स्वतः बसला, काट्याने त्याचं वजन अचूक दाखवलं. मिस्त्री पुन्हा बसला. पुन्हा तेच. दोघेही हसले, पण हसू काही टिकलं नाही.

"काटा बिघडला असेल," भंगारवाला म्हणाला आणि त्याच्याकडे न बघताच आत गेला.

संध्याकाळी दाजी आले. "मला काही सापडलं नाही," मिस्त्री खालच्या आवाजात म्हणाला. तरी दाजींनी किक मारली, चढाला लागले आणि बाणासारखे वर जाऊन हसत खाली आले.

"अरे, जादू केलीस की! पिसासारखी झालीय."

"काहीच केलं नाही मी."

"पुरे झाला विनय," म्हणत दाजी गेलेसुद्धा.

गॅरेज बंद करून मिस्त्री आपल्या स्कूटरवर निघाला. पुलाचा चढ लागला. स्कूटरचा आवाज घोगरा झाला.

त्याने आरशात पाहिलं. रिकामा रस्ता.

त्याने मूठ पिळली. मान मात्र वळवली नाही.

घरापाशी तो उतरला. स्कूटरचं मागलं अंग तसंच दबलेलं राहिलं.

किल्ली हातात धरून तो बघत राहिला.

मग स्प्रिंग जराशी कुरकुरली. सीट हळूहळू वर आली. कुणी जपून उतरावं तशी.

त्याने घाईने दार उघडलं.

"अहो, दार लावा की," बायको आतून म्हणाली. "धरून काय उभे राहिलात?"

ते त्यालाही कळेना. तो अंग चोरून भिंतीला टेकला, जरा वेळ वाट दिली आणि मगच त्याने दार लावलं.