बारा नंबरचा कान

"संध्याकाळपर्यंत छडा लागला नाही, तर मावशींना कामावरून काढावं लागेल," संचालक म्हणाले.

वैद्यकीय संशोधनासाठी डुकरं पाळायची आणि प्रयोगशाळांना पुरवायची, हे त्या केंद्राचं काम. वहिनी खासगी गुप्तहेर. सोबत त्यांचे धाकटे दीर, अंगाने भक्कम, डोक्याने सावकाश.

प्रकार असा. जन्मतः कमकुवत हृदयाची आठ नंबरची डुकरीण दुसऱ्या प्रयोगशाळेला पाठवली आणि ती परत आली. तिथले म्हणाले, हिचं हृदय तर ठणठणीत! शेडची किल्ली एकट्या मावशींकडे. वीस वर्षं त्याच डुकरं सांभाळत होत्या, म्हणून बदलल्याचा संशय त्यांच्यावर.

"चढवताना नंबर बघितला होता?" वहिनींनी गाडीवाल्याला विचारलं.

"बघितला की! कानातल्या बिल्ल्यावर आठच होता. मावशी म्हणाल्या, ही ती नव्हे. म्हटलं, माया सुटत नाही बाईंची."

मावशी तोंड फिरवून बसल्या होत्या. "आठचं रोज रक्त काढतात. तिला दोरी लागत नाही, मी बादली वाजवली की आपणहून येते. एकदा सांगितलं, ही ती नव्हे. आता गयावया करणार नाही."

तरुण डॉक्टर घाईत होते. "बिल्ला एकदा टोचला की कायमचा. पाठवायच्या आदल्याच दिवशी मी आठ आणि बारा, दोघी बहिणींचं स्कॅन केलं, तुलनेसाठी."

"स्कॅनची खोली दाखवा," वहिनी म्हणाल्या.

दारावर पाटी होती: धातूची वस्तू आत नेऊ नये. भाऊजींनी घड्याळ काढलं, पट्टा काढला आणि पँट दोन्ही हातांनी धरून आत शिरले.

"वहिनी, अब्रूचा प्रश्न आहे, आटपा लवकर!"

वहिनी सगळ्यांना शेडमध्ये घेऊन आल्या. "मावशी, बादली वाजवा."

मावशींनी दोनदा वाजवली. आठ नंबर ढिम्म. बारा नंबर मात्र तुरुतुरु आली आणि मावशींच्या तळहातावर कान टेकवून उभी राहिली.

"हीच खरी आठ," वहिनी म्हणाल्या. "डॉक्टर, भाऊजींचा पट्टा आत चालत नाही, मग धातूचा बिल्ला कसा चालेल? स्कॅनसाठी तुम्ही दोघींचे बिल्ले काढलेत आणि परत लावताना अदलाबदल केलीत. ती चूक. पण आज खोटं बोललात, ती लबाडी."

डॉक्टरांची मान खाली गेली. "मावशी, चुकलो. घाबरलो होतो."

संचालक खजील झाले. "उद्या हिला पोचवायला तुम्हीच जा. तिथल्या लोकांनाही तिला बादलीने बोलवायला शिकवा."

डुकरिणीचा कान चोळत मावशी ताठ उभ्या राहिल्या.

"जाईन. पण यापुढे गाडीत चढवताना नुसता नंबर बघायचा नाही. मला विचारायचं."