चुन्याची तिसरी रेघ

स्टेफी, दार लोटून घे. स्टीवन, तू परवा विचारत होतास ना, आग्नेलच्या अंगणात कोणी गाडी का लावत नाही? ऐका मग. मध्ये बडबड केलीत तर मी सरळ झोपायला जाईन.

आग्नेल आपल्या भुईगावचाच, माझा शेजारी. बेसिलशेटच्या ट्रकवर ड्रायव्हर. ट्रक गुजरातला जायचा, हा आठ-आठ दिवस घरी नसायचा. घरी आई एकटी, इनेझबाय. रात्री तिला धाप लागली की पाणी द्यायलाही कोणी नसे. तेव्हा रेडियल टायर आपल्याकडे नवे होते. आग्नेलने शेटच्या मागे लकडा लावला, हे टायर हलके फिरतात, डिझेल कमी लागतं. शेट म्हणाला, "दाखव. खरं निघालं तर जवळच्या फेऱ्या तुझ्या, रोज रात्री घरी. नाहीतर पुन्हा गुजरात."

परीक्षा साधी. चांदीपच्या अलीकडे लांब उतार आहे. रेतीने भरलेला ट्रक वरून न्यूट्रलमध्ये सोडायचा. इंजिन बंद, ब्रेक लावायचा नाही. आपोआप थांबेल तिथे चुन्याची रेघ मारायची. जो टायर गाडीला लांब नेईल, तो डिझेल वाचवणार. आदल्या रात्री जुन्या नायलॉन टायरवर गाडी सोडून पहिली रेघ मारली होती. आता रेडियलने ती ओलांडायची होती.

साल अठ्ठ्याण्णव, नोव्हेंबरची दोन तारीख. चर्चमध्ये मेलेल्यांसाठीची मिस्सा झाली, लोक कबरींवर मेणबत्त्या लावून घरी गेले. आई म्हणाली, "आज तरी जाऊ नको रे." हा गेला. रात्री साडेअकराला गाडी सुटली.

हेडलाइट चालू, पण आवाज नाही. रेघेच्या जरा अलीकडे एक म्हातारी रस्त्यावर उतरली. मुलगा खळ्यावर राखणीला होता, त्याला पाणी घेऊन निघालेली. समोर उजेड दिसला, पण इंजिन ऐकू येईना. तिला वाटलं, गाडी उभी आहे.

आग्नेलला ती दिसली. स्वच्छ दिसली. पाय ब्रेकवरच होता. पण ब्रेक दाबला की परीक्षा गेली, पुन्हा गुजरात. त्याला वाटलं, जाईल पलीकडे...

नाही गेली.

गाडी तिच्यावरून गेली, रेघ ओलांडून बरीच पुढे थांबली. पुढे थांबलेला बेसिलशेट टॉर्च घेऊन पळत आला. त्याने आधी चाकापुढे दुसरी रेघ मारली. मग मागे बघितलं.

म्हातारी जिवंत होती. "पानी... पानी दे रं..."

आग्नेल पाण्याचा कॅन घेऊन निघाला, तर शेटने दंड धरला. "तुझा चेहरा बघेल ती. चढ गाडीत." आणि हा चढला! चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारा माणूस. मला अजून संताप येतो. म्हातारी उजाडायच्या आत तिथेच गेली.

टायर जिंकले. शेटने शब्द पाळला. ट्रक रोज रात्री अंगणात, लेक घरात. इनेझबाय वर्षभर सगळ्यांना कौतुकाने सांगत होती.

पुढच्या वर्षी तीच तारीख, तीच वेळ. त्या अंगणाला उतार नाही, तुम्ही तिथे खेळलाय. गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड लावलेले. इनेझबायने लेकाला उठवलं.

"बाहेर कोणीतरी पाणी मागतंय रे."

"झोप, आई."

त्यानेही ऐकलं होतं. तरी कूस बदलली.

पण मेलेल्यांच्या रात्री दारात आलेल्याला परत कसं पाठवायचं? तांब्या भरून ती एकटीच बाहेर गेली.

मग आग्नेल खिडकीशी आला.

आई पाठमोरी. तांब्या पुढे धरलेला... कोणाला तरी देत होती.

मागे ट्रक हलत होता.

आवाज नाही.

आत कोणी नाही.

तो दाराकडे धावला...

...

सकाळी, इनेझबायला ट्रकखालून काढल्यावर, हे सगळं त्याने मला सांगितलं, पायरीवर बसून. मी अंगणात गेलो. दगड लावले होते तिथेच. हँडब्रेक ओढलेला. ट्रक मात्र पुढे आलेला, आणि पुढच्या चाकासमोर चुन्याची ताजी रेघ. घरात चुन्याची चिमूटसुद्धा नव्हती.

मी स्वतः ती धुतली, खरवडली. वरून माती टाकली. इतके पावसाळे गेले.

उजाडल्यावर जा आणि बघा. आहे अजून.