खिरीचा डोस

मंदार घैसासांच्या दंडावरचं अग्रमापी यंत्र दुपारी साडेबाराला हलकेच टिकटिकलं आणि त्यांच्या शरीरात इन्सुलिन गेलं. अजून त्यांनी घासही तोंडात घातला नव्हता. यात घरातल्या कुणालाच नवल वाटलं नाही. मिरजेतल्या प्रत्येक मधुमेही माणसाच्या दंडावर आता असंच यंत्र होतं.

पूर्वी घरोघरी लोक बोट टोचून साखर मोजायचे. पण कळायची ती त्या क्षणाची साखर. टोचलेलं इन्सुलिन कामाला लागेपर्यंत जेवणातली साखर रक्तात पोचलेली असायची, आणि औषध बिचारं कायम मागे. अग्रमापी पुढची साखर मोजतं. नाडी, घाम आणि वर्षानुवर्षांच्या सवयी यांवरून ते ओळखतं, की हा माणूस आता काय खाणार, आणि तेवढं इन्सुलिन आधीच सोडतं. मंदाररावांना तर ते अकरा वर्षं ओळखत होतं. फडताळातले पेढे बायकोला चुकवून खाता येतात, दंडाला चुकवून कसे खाणार?

ती बायको, प्राजक्ता, जाऊन आज वर्ष झालं होतं. वर्षश्राद्धाचा स्वयंपाक तयार होता. वडे होते, आमसुलाची चटणी होती, तांदळाची खीर होती. गच्चीवर तिच्या नावाचं पान ठेवलं होतं. कावळा शिवल्याशिवाय कुणी जेवायचं नाही, आणि कावळा काही येईना.

पाऊण तास गेला. लेक रेवा म्हणाली, "बाबा, आईचं काहीतरी राहिलंय. तुला ठाऊक असेल तर बोल ना."

ठाऊक होतंच. शेवटच्या आजारातही ती तेच विनवत होती. मंदाररावांनी हात जोडले. "प्राजू, आजपासून गोड बंद. रेवाच्या गळ्याची शपथ."

कावळा आला, वडा उचलून गेला. रेवा रडली. मंदाररावही रडले, कारण या एका बाबतीत ते पहिल्यांदाच खरं बोलले होते.

पाटावर बसताना त्यांचे हात थरथरू लागले. घामाने सदरा भिजला. यंत्र बोललं, "साखर चोपन्न. ताबडतोब गोड घ्या."

रेवाने मृण्मयी हुक्केरीला फोन लावला. ही तिची शाळेपासूनची मैत्रीण, अग्रमापी घडवणाऱ्या शास्त्रज्ञांपैकी एक.

"साडेबाराला दोन वाट्या खिरीचं इन्सुलिन गेलंय," मृण्मयी आकडे बघून म्हणाली.

"पण मी खीर खाणारच नव्हतो!" मंदारराव ओरडले. "काढून घे ते."

"गेलेलं काढता येत नाही, काका. खीर खा, लवकर."

"भात खातो."

"भाताला वेळ लागेल. तेवढा वेळ नाहीये."

साखर सत्तेचाळीसवर आली. मंदारराव तोंड मिटून बसले. शेवटी रेवाने वाटी उचलली आणि स्वतःच्या गळ्याची शपथ चमच्या-चमच्याने स्वतःच मोडली.

संध्याकाळी मृण्मयी घरी आली. मंदाररावांनी विचारलं, "एक सांग. इन्सुलिन गेलं नसतं, तर मी खीर खाल्ली असती?"

"यंत्राच्या मते, हो."

"आणि तुझ्या मते?"

"मला माहीत नाही. आता ते कुणालाच कळणार नाही. नोंदीत मात्र भाकीत बरोबर आलंय. तुम्ही खीर खाल्लीत ना."

"मग हे यंत्र काढून टाक."

"टोचून मोजायच्या पट्ट्या बंद होऊन वीस वर्षं झाली, काका. इन्सुलिनसुद्धा आता याच्याच कुपीत येतं."

आठवड्याने, सकाळी बिनसाखरेचा चहा पुढ्यात घेऊन मंदाररावांनी मनाशी पुन्हा ठरवलं. तोंडाने एक शब्द काढला नाही. नुसती प्राजक्ता आठवली, छाती भरून आली, डोळे ओलावले. अकरा वर्षांच्या नोंदींत या खुणा यंत्राला एकदाच सापडत होत्या, आणि त्यांच्यानंतर लगेच या माणसाने दोन वाट्या खीर खाल्ली होती. यंत्राने तेवढं इन्सुलिन सोडलं.

मंदाररावांनी साखरेचा डबा खाली काढला. मग त्यांनी रेवाला हाक मारली आणि शांतपणे सांगितलं, "यापुढे माझ्यासमोर आईचं नाव काढू नकोस."