शब्दांचं माहेर

जिनेंद्रने मऊ भाताचा चमचा पुढे केला, तशी ताईच्या उशाशी ठेवलेली डबी बोलली, "ग्रास. लहान ग्रास."

"घास म्हण की गं, ताई," तो हसला. "आपण काय यज्ञाला बसलोय?"

ताईही हसली, चेहऱ्याच्या डाव्या बाजूने. उजवी बाजू अजून साथ देत नव्हती.

पक्षाघाताने ताईची, म्हणजे पद्मावती मगदूमची, वाचा नेली होती. समोरच्याचं बोलणं तिला कळायचं, आपल्याला काय म्हणायचंय तेही मनात स्पष्ट असायचं. पण तिथून शब्दापर्यंतची वाट खचली होती. म्हणून मिरजेतल्या वाचा-उपचारतज्ज्ञ शाहीन मुजावर यांनी तिला ‘वाचासेतू’ आणून दिला. डोक्यावर जाळीची हलकी टोपी, डाव्या हातात बटण. मेंदूत अर्थाची लहर उठली की टोपी ती टिपायची, आणि ताईने अंगठ्याने बटण दाबलं तरच डबी शब्द उच्चारायची.

"नेहमीचा शब्द सापडला नाही, तर यंत्र त्याच्या गोतावळ्यात शिरतं," शाहीनने सुरुवातीलाच समजावलं होतं. "शब्दाचे पूर्वज, शेजारच्या भाषांतली त्याची भावंडं, सगळं त्याला ठाऊक आहे. घास मुळात ग्रास. तुपाला कानडीत तुप्प. ओळखीचं दार बंद असलं की ते जुन्या दाराने आत जातं. कधी चुकेलही. सांभाळून घ्या."

जिनेंद्र सांभाळून घेत होता. त्याला कळायला लागायच्या आत आई गेली, तेव्हापासून ताईनेच त्याला न्हाऊमाखू घातलं, शिकवलं, इंजिनियर केलं. तिच्या लग्नाचा विषय निघाला की ती काहीतरी काम काढून आत जायची. धाकट्या भावासाठी राहिली बिचारी, असं नातेवाईक म्हणत. ते ऐकून आपण तिचं आयुष्य खाल्लं असं त्याला वाटायचं.

न्याहारी आटोपली तशी व्यायाम करवून घ्यायला नवी नर्स आली. ताईचा हात उचलता उचलता तिने सहज विचारलं, "तुम्ही यांचे कोण?"

"धाकटा भाऊ."

"नाही," डबी म्हणाली.

नर्सने मान वर केली. जिनेंद्र ओशाळून म्हणाला, "अगं ताई, असं काय करतेस?"

"तायि," डबी म्हणाली. मग पुन्हा, "मी. तायि."

नर्स गेल्यावर तो अंगणात गेला आणि त्याने शाहीनला फोन लावला. "मॅडम, यंत्र ताईला तायि म्हणतंय. दुरुस्त होईल का?"

शाहीन म्हणाली, "कानडीत तायि म्हणजे आई, दादा. आपल्या ताईचं माहेरही बहुधा तेच."

"म्हणजे चुकलंच ते."

"असेल. ताई शोधता शोधता मुळापर्यंत घसरलं असेल. किंवा त्यांना तोच अर्थ हवा असेल. एवढ्या जवळच्या शब्दांतला फरक टोपीला कळत नाही. चुकीचा शब्द आला की त्या हात हलवतात ना?"

"हलवतात."

"आज हलवला?"

"नाही," जिनेंद्र म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

तो ताईजवळ येऊन बसला. कर्नाटकात अथणीला, मावशीच्या घरी आपला जन्म झाला, एवढं त्याला माहीत होतं. ताईने त्या वर्षी कॉलेज अर्धवट सोडलं, हेही कधीतरी कानावर पडलं होतं. या दोन गोष्टी त्याने आजवर कधी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या.

"मी झालो तेव्हा तू अथणीत होतीस?"

"होते."

"आणि आई?"

ताईने अंगठा दाबला. "मिरज."

तो भिंतीकडे पाहत राहिला. आईच्या फोटोला हार घालताना लहानपणी तो रडायचा. ही शेजारी उभी राहून पदराने त्याचे डोळे पुसायची, आणि एकदाही काही बोलली नाही. त्याला ओरडावंसं वाटलं. त्याच वेळी तिच्या कुशीत शिरावंसंही वाटलं.

"राग?" डबीने विचारलं.

आज राग म्हणजे संताप. पण शाळेत संस्कृत शिकलेल्या जिनेंद्रला त्या शब्दाचं जुनं घर आठवलं: अनुरागातला राग, म्हणजे माया. यंत्राने आजचा शब्द उच्चारला होता की ते जुन्या दाराने आत गेलं होतं? रागावलास का, असं ती विचारत होती, की अजून माया आहे का, असं?

ती त्याच्या तोंडाकडे एकटक पाहत होती. त्याने तिचा हात हातात घेतला. खोटं बोलायचं नव्हतं, आणि दोन्ही खरं होतं.

"हो," तो म्हणाला.

बटण अंथरुणावर निसटलं. तिने त्याचं बोट घट्ट धरलं आणि डोळे मिटून घेतले. त्याच्या त्या एका ‘हो’मध्ये तिला नेमकं काय ऐकू आलं असेल?